बाहेरच्या दुकानातलं ॲप

"कुत्र्यावानी राखतो काय गं आमी तुला?"

शिवकन्या तव्यावरची भाकरी उलटत होती. रविचा प्रश्न मागून आला आणि तिची बोटं तव्याला टेकली. चटका बसला तरी तिला आधी नवऱ्याच्या शब्दांचाच धक्का बसला, कारण ते शब्द तिचे होते. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती फोनवर आईला म्हणाली होती, "मला इथं कुत्र्यावानी राखतेत, आई." तेव्हा रवि आणि सासरे सोमलिंगअप्पा दोघंही दुकानात होते. सासू लग्नाच्या आधीच वारलेली. शेजारच्या गच्चीवर चिटपाखरू नव्हतं.

"असं कोण म्हणलं तुमाला?" तिनं वळून विचारलं.

"कोण कशाला म्हणंल? तोंडावर दिसतंय तुझ्या."

त्यानं ताट पुढं ओढलं आणि जेवू लागला.

ही गोष्ट दोन हजार बाराची, माजलगावची. धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला तसं सोमलिंगअप्पांचं पाइप आणि मोटारींचं दुकान वाढलं. थोरला मुलगा बसवेश धारूरला बियाण्यांचं दुकान चालवायचा, धाकटा रवि बापाच्या हाताखाली. शिवकन्या नांदूरघाटची, केजच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातली तीन रविनं तिच्या कॉलेजातल्या पोरांची नावं विचारण्यात घालवली होती. सोबत शिकलेल्या कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी दोन दिवस घरात धुसफूस चालायची. म्हणून दीड महिन्यापूर्वी त्यानं आपण होऊन तिला मोठ्या काचेचा, बोटानं चालणारा फोन आणून दिला तेव्हा ती हरखून गेली होती. रोज संध्याकाळी तो फोन मागून घ्यायचा, "आण, गाणी भरून देतो," म्हणायचा आणि कानात वायरी घालून तासभर माडीवर बसायचा. गाणी मात्र पहिल्या दिवशी होती तेवढीच होती. हे तिच्या आता ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजीची पिशवी घेऊन निघाली आणि थेट बसस्टँडसमोरच्या प्रविणच्या टपरीवर गेली. प्रविण रिचार्ज मारायचा, फोन दुरुस्त करायचा, मेमरी कार्डात सिनेमे भरून द्यायचा. रविनं फोन त्याच्याकडूनच घेतला होता.

"ह्याच्यात काय घातलंय?" तिनं फोन काउंटरवर ठेवला.

"कशाचं काय, वहिनी?"

"मी आईला बोललेलं माझ्या नवऱ्याला शब्दाला शब्द ठावूक हाय. तू सांगतो, का हितंच मोठ्यानं विचारू?"

टपरीवर दोन गिऱ्हाइकं उभी होती. प्रविणनं त्यांना हातानंच 'थांबा' म्हटलं आणि आवाज खाली घेतला. "वहिनी, माझ्यावर नका येऊ. रविभाऊनं मागितलं, मी आणून दिलं."

"काय आणून दिलं?"

त्यानं फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये जाऊन एक ओळ दाखवली. अनोळखी ठिकाणचे ॲप चालू द्यावेत की नाही, असं इंग्रजीत विचारलेलं आणि त्यापुढं हिरवी खूण. "ही खूण केली की बाहेरच्या दुकानातलं ॲप बसतंय. फोनसंगं जे स्टोअर येतं ना, त्याच्यावर असलं न्हाई ठेवत. हे दुसरंच स्टोअर हाय, भाईर देशातलं. पैसे भरले की उतरवून घ्यायचं." मग त्यानं कॅलेंडरच्या चित्रावर बोट ठेवलं. फोनवर अशी कॅलेंडरं दोन होती, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. "हे कॅलेंडर न्हाई. फोन लागला की ह्याचं रेकॉर्डिंग सुरू. पासवर्ड टाकला की समदं ऐकायला मिळतंय."

"कुणाचं ऐकायला मिळतंय? माझंच?"

"ह्या फोनवरून जो बोलंल त्याचं. त्याला काय कळतंय बाई कोण न् बाप्या कोण."

"आन ज्यांनी विकलं ते?"

प्रविणनं डोकं खाजवलं. "त्यांच्याकडं बी जात आसंल. खरं सांगू का, मला ठावूक न्हाई."

कुठल्या परक्या मुलखातला माणूस तिचं आईजवळचं रडणं ऐकत असेल, या विचारानं तिला शिसारी आली. "आजूक कितीजणांला दिलंस?"

त्यानं फोन परत काउंटरवर ठेवला. "काढून टाकू का?" एवढंच विचारलं.

"हात लावू नको," ती म्हणाली.

काढून टाकलं असतं तर रविनं दुसरं आणलं असतं, आणि ते कशात दडलंय हे तिला कळलंही नसतं. त्या दिवसापासून ती फोनवर फक्त पाऊसपाणी आणि दूधदुभतं बोलू लागली. आई शांतादेवी विचारायची, "आवाज असा कावून येतोय गं?" ती म्हणायची, "सर्दी झालीय." रवि संध्याकाळी माडीवरून उतरायचा तो चिडूनच. काही सापडत नव्हतं, आणि न सापडण्याचाही त्याला संशय होता.

शनिवारी सोमलिंगअप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. "सूनबाई, माझा डबडा फोन बंद पडलाय. फोन दे, धारूरला लावायचाय."

तिनं फोन हातात घेतला. एक वाक्य बोलली असती तर अप्पा सावध झाले असते. पण चार वर्षांत रवि तिच्यावर ओरडला तेव्हा हा माणूस प्रत्येक वेळी विभूतीची वडी चाचपत पूजेच्या खोलीत निघून गेला होता. तिनं फोन दिला. अप्पा गच्चीवर गेले आणि पाऊण तास बसवेशशी बोलत राहिले.

रविवारी दुपारी लिंगपूजा आटोपून अप्पा पाटावर बसले. ती वाढत होती. रवि आला तो चपला न काढताच.

"माजलगावचं दुकान बसवेशच्या नावावर करताय?"

अप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"मी बिनकामाचा, बायकोच्या मागं हिंडणारा. मला गल्ल्यावर बसवलं तर दुकान बुडंल. म्हणलात का न्हाई?"

"बसवेशनं सांगितलं काय?"

ओठावर आलेलं उत्तर रविनं गिळलं, हे शिवकन्येला स्पष्ट दिसलं. तिनं आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"माझ्या फोनमदी ऐकलं त्यांनी," ती म्हणाली. "बाहेरच्या स्टोअरवरून ॲप विकत घेतलंय, माझ्यावर पाळत ठेवायला. काल त्याच फोनवरून तुमी बोललात."

अप्पा मुलाकडं वळले. मग म्हणाले, "ते तर बाईचं ऐकतंय म्हणला व्हतास ना तू मला?"

शिवकन्येला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण रविनं मान खाली घातली होती.

"म्हणजे तुमालाबी ठावूक होतं?" तिचा आवाज चिरकला. "दीड महिना मी माझ्या आईपाशी रडत होते, ते तुमाला ठावूक होतं?"

"घरातलं घरात राहावं म्हणून केलं त्यानं," अप्पा उसळून म्हणाले. "आन तू? तुला कळालं होतं तरी माझ्या हातात फोन दिलास? बापलेकांत आग लावलीस!"

"हिनंच केलं हे!" रवि ओरडला. क्षणापूर्वी एकमेकांशी भांडणारे बापलेक आता एका बाजूला होते. रवि तिच्या दिशेनं आला, हात उचललेला.

"मारा," ती म्हणाली. "दार उघडं हाय. मी आरडले की समदी गल्ली आत येईल, मग त्यांनाबी सांगते काय विकत घेतलंय ते."

त्याचा हात खाली आला. तिनं फोनमधलं सिम काढून पदराला बांधलं आणि फोन अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. "आता घरातलं घरात राहू द्या."

तीनच्या एसटीनं ती केजला गेली, तिथून जीपनं नांदूरघाटला, माहेरी.

सहा महिन्यांनी समेटाच्या बैठकीला रवि धरून चार माणसं नांदूरघाटला आली. मधे रवि बसला होता, दाढी वाढलेली. दुकानाच्या मधोमध आता पत्र्याची भिंत होती, अलीकडं रवि, पलीकडं बसवेश, आणि अप्पा दोघांशीही बोलत नव्हते, असं त्या माणसांनीच सांगितलं. सगळ्यात वयस्कर असलेले मोहनराव म्हणाले, "पोरी, झालं गेलं. मशीनची चूक. त्यानं ते काढून टाकलंय."

"मशीन आपल्या पायानं आली न्हाई घरात," शिवकन्या म्हणाली. "मी येणार न्हाई."

"लोक काय म्हणतील?" रविनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

शांतादेवींनी कुणाला चहा विचारला नाही. चौघं उठले, चपला शोधल्या आणि उन्हात गाडीकडं चालू लागले. शिवकन्या दारात उभी राहून ते वळणापलीकडं जाईपर्यंत बघत होती.