शिवलेला खिसा

मित्रांनो, मी एक जुना फौजी कोट आहे. जुना म्हटलं की लगेच भंगारवाल्याची आठवण काढू नका. माझं कापड अजून शाबूत आहे, कॉलर ताठ आहे आणि पट्टा तर नव्या कोटांनी हेवा करावा असा आहे. खोड एकच. माझ्या आतल्या खिशात हात जात नाही. तो शिवून टाकलेला आहे, आणि तोही अगदी गबाळ्यासारखा. बघणारे हसतात आणि म्हणतात, "कुठल्या शिंप्याने केलं हो हे?" हसू दे बापडे. या खिशापायी माझ्या घरातल्या माणसांची झोप उडाली आणि एका बड्या साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला, हे त्यांना कुठे ठाऊक आहे!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांवर कापडाचे थर पडत, पाती फिरत आणि आम्ही भराभरा कापले जात असू. मला पितळी बटणं लागली तेव्हा मी मनातून फार फुगलो होतो, हे लपवत नाही. कॉलरच्या आत काळ्या शाईने एक आकडा उमटवला गेला. तो आकडा म्हणजे माझ्या मालकाची ओळख.

माझा मालक विशीतला एक उंच, हसरा मुलगा होता. तो डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हातानेच लिहायचा, म्हणून घरात त्याला सगळे 'डावऱ्या' म्हणत. तो मला घालून पहिल्यांदा रजेवर घरी आला तेव्हा मी ते घर पाहिलं. दोन खोल्या, खिडकीत कुंड्या आणि भिंतीवर रेल्वेचं जुनं घड्याळ. आई तो लहान असतानाच गेली होती. वडील इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. मोठी बहीण शाळेत गणित शिकवायची. तिला तो ताई म्हणायचा, आणि वडीलही ताईच म्हणायचे.

त्या रजेत माझं छातीवरचं बटण सैल झालं. ताई म्हणाली, "तिकडे कोण लावून देणार आहे तुला? शीक आता." तिने सुई ओवून दिली. डावऱ्या जीभ बाहेर काढून टाके घालू लागला. त्या बटणाच्या बरोबर मागे अस्तरात माझा आतला खिसा आहे. बटण लावताना एक हात खिशात घालून ठेवावा लागतो, नाहीतर सुई आरपार जाते. ताईने बजावलं होतं, "आत हात घाल, नाहीतर खिसा शिवशील." पठ्ठ्याने हात घातला नाही. बटण पक्कं बसलं आणि खिशाचं तोंडही पक्कं बंद झालं!

वडील हसून हसून खोकू लागले. ताई म्हणाली, "शाबास! आता यात ठेवणार काय?"

"बरंच आहे की," डावऱ्या म्हणाला, "काही पडायचं नाही आणि कुणी मारायचंही नाही."

ताईने तो खिसा उसवला आणि बटण नीट लावून दिलं. मला वाटलं, विषय संपला.

मग युद्ध सुरू झालं. रणांगणाचं वर्णन मी करणार नाही. पहिल्याच हल्ल्यात आमची तुकडी वेढली गेली आणि डावऱ्या पकडला गेला. झटापटीत माझं तेच बटण तुटून चिखलात पडलं. त्याच्या अंगाला ओरखडा नव्हता, माझ्याही नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शत्रूच्या छावणीत बरॅकीतल्या फळ्यांवर आम्ही राहिलो. धार लावता येईल अशी धातूची वस्तू जवळ ठेवू देत नसत, म्हणून जेवायला लाकडी चमचे असत. एका मोडक्या चमच्याच्या दांड्याचा तुकडा डावऱ्याने फरशीवर घासून घासून बटणासारखा गोल केला आणि त्याला भोकं पाडली. घोंगडीचा राखाडी धागा उसवला आणि काटकीची सुई केली. मग तो बटण लावायला बसला. मी मनात ओरडत होतो, अरे, आत हात घाल! पण कोटाचं कोण ऐकतं? खिसा पुन्हा शिवला गेला. डावऱ्याने आत हात घालून पाहिला, तो अडला, आणि एवढ्या मोठ्या बरॅकीत एकटाच मोठमोठ्याने हसला. त्याने तो उसवला नाही. घरची एवढीच खूण त्याच्यापाशी होती.

युद्ध थांबलं. कैद्यांची अदलाबदल होणार अशी बातमी आली. ट्रक आले. पण ट्रकांत सगळे चढले नाहीत. काहींना बाजूला उभं केलं आणि त्यांत डावऱ्या होता. का, ते कुणी सांगितलं नाही. त्याच्या शेजारच्या फळीवरचा सोबती तापाने फणफणला होता, त्याला मात्र सोडलं. तो थंडीने कुडकुडत होता. डावऱ्याने मला काढलं आणि त्याच्या अंगावर घातलं.

"घरी पोचलास की हा ताईला दे," तो म्हणाला. "तिला म्हणावं, खिसा पुन्हा शिवलाय. तू येऊन उसव."

मित्रांनो, मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं. नुसत्या शर्टावर, डावा हात हलवत उभा.

सीमा ओलांडून आल्यावर आपल्याच लोकांच्या एका तंबूत सोबत्याची विचारपूस झाली. टेबलामागे एक अधिकारी होता. सोबत्याने दातांवर दात आपटत सांगितलं, "साहेब, तिकडे अजून आपली माणसं आहेत. हा कोट त्यांतल्याच एकाचा. त्याच्या घरी द्यायचाय."

अधिकाऱ्याने पेन उचललंच नाही. तो म्हणाला, "तुम्हाला ताप आहे. तापात माणसाला काहीही दिसतं."

"पण साहेब, हा कोट..."

"कोट इथे ठेवा. आणि हे बाहेर बोलायचं नाही. अदलाबदल पूर्ण झाली, असं आपण जाहीर केलंय."

मी थक्क झालो. शत्रूने खोटं बोलावं, ते मी समजू शकतो. पण हे तर आपले! सोबती त्या तापातून उठला नाही. मी गोदामात गेलो, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, इतर शेकडो कपड्यांच्या खाली. तिथे वर्षं कशी गेली ते विचारू नका.

बाहेर मात्र ओरड सुरू झाली होती. न परतलेल्यांचे नातेवाईक फोटो घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसू लागले. सभागृहात विरोधकांनी मंत्र्यांना धारेवर धरलं. मंत्री ठामपणे म्हणाले, "आमचा एकही कैदी तिकडे नाही. जे आले नाहीत, ते रणांगणावर पडले." गोदामाच्या रखवालदाराच्या रेडिओवर मी हे ऐकलं आणि माझं अस्तर न् अस्तर शहारलं. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की घरोघरी 'अखेरची वस्तू' द्यावी, म्हणजे लोकांचं समाधान होईल. कॉलरमधला आकडा पाहून मला बाहेर काढलं गेलं.

एका तरुण अधिकाऱ्याने मला टेबलावर ठेवलं. समोर वडील आणि ताई. वडील खूप वाकले होते. अधिकारी मवाळ आवाजात म्हणाला, "आजोबा, हा कोट रणांगणावर सापडला. तुमचा मुलगा पहिल्याच हल्ल्यात हुतात्मा झाला. इथे सही केलीत की बेपत्ताच्या जागी हुतात्मा अशी नोंद होईल. मग शोध थांबवू."

रणांगणावर सापडलो? मी? अहो, माझ्यावर गोळीचं एक भोक नाही, रक्ताचा एक थेंब नाही! पण त्या बिचाऱ्याने मला नीट पाहिलंच नव्हतं. त्याला जे सांगितलं, तेच तो सांगत होता.

वडिलांनी पेन घेतलं. ताईने मला जवळ ओढलं, गालाला लावलं आणि जुन्या सवयीने आतल्या खिशाकडे हात नेला. हात अडला. तिने वाकून पाहिलं आणि ती खळखळून हसली.

"पाणी आणू का?" अधिकारी घाबरून म्हणाला.

"बाबा, अहो बघा ना, गाढवाने पुन्हा खिसा शिवलाय!" आणि बोलता बोलता तिचं हसू जागच्या जागी थिजलं. "बाबा, मी पितळी बटण लावून दिलं होतं. हे लाकडी आहे. हे त्याने नंतर लावलंय."

"युद्धात कधीतरी वेळ मिळाला असेल," अधिकारी पुटपुटला.

"तुम्हीच म्हणालात ना, पहिल्याच हल्ल्यात गेला? मग हे लाकूड घासत कधी बसला तो? मेलेला माणूस बटण लावतो का हो?"

वडील हळूच म्हणाले, "ताई, सरकार कशाला खोटं बोलेल? मी जन्मभर सिग्नलवर विश्वास ठेवून गाडी हाकली. हिरवा म्हणजे हिरवा. त्यावर शंका घेतली तर गाडीच चालायची नाही." पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "आज राहू दे सही," ते म्हणाले, आणि मला घेऊन दोघं घरी आले.

ओरड वाढली तशी चौकशी समिती बसली. ताईने मला समितीपुढे नेलं. मधल्या खुर्चीत जे मोठे साहेब बसले होते, त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. ताई बोलत होती, ते बटणाकडे टक लावून बघत होते. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "बाई, मी समजू शकतो. दुःखात माणसाला काहीही दिसतं."

तोच आवाज! तंबूतला! मला घाम फुटत असता तर मी तिथेच चिंब झालो असतो.

"कोट तपासणीसाठी आमच्याकडे राहू दे," साहेब म्हणाले. ताई मला सोडेना. वडीलच म्हणाले, "दे, ताई. तपासू दे. खरं असेल तर तेच सांगतील."

तपासणी! मला वाफेवर धुतलं, इस्त्री केली. एक शिंपी शीळ घालत आला. त्याला एवढंच सांगितलं होतं की कोट पहिल्यासारखा करायचा. कात्रीचा एक कच्च आवाज झाला आणि डावऱ्याचं बटण कचऱ्याच्या टोपलीत पडलं. त्या जागी चकचकीत पितळी बटण बसलं. इतका सुंदर मी कारखान्यातून निघतानाही नव्हतो, आणि इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मी घरी परतलो. सोबत निष्कर्ष होता की कोटाची बटणं नेहमीचीच आहेत, आक्षेपात तथ्य नाही. ताई मटकन खाली बसली. वडिलांनी मला हातात घेतलं. उजेडात नेलं. आतल्या खिशात हात घातला.

"गेला," ते म्हणाले.

ताईने दचकून वर पाहिलं. "कोण गेला, बाबा?"

"हात. हात आत गेला, ताई."

ते तसेच उभे राहिले, मनगटापर्यंत हात माझ्या खिशात घालून. त्यांचा चेहरा मला पाहवेना. मग ते बोलले, आणि आवाज ओळखू येईना. "ते बटण भलत्याच कुणाचं असतं, तर यांनी ते बदललं कशाला? यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे." पुढे म्हणाले, "सिग्नल बिघडला तर मी माफ केलं असतं. पण गाडी येताना दिसत असून कुणी हाताने दिवा बदलला, तर त्याला अपघात म्हणत नाहीत."

तेवढ्यात त्यांचं बोट अस्तरावर थबकलं. मित्रांनो, टाके काढता येतात, सुईची भोकं धुऊन जात नाहीत. जाड काटकीने पाडलेली ती वेडीवाकडी भोकं माझ्या अंगावर होती. त्यांनी ताईचं बोट धरून त्यावर फिरवलं.

"सुई-दोरा आण," ते म्हणाले.

"द्या, मी लावते."

"नको. मी लावतो." त्यांनी चष्मा पुसला, पितळी बटण कापून टेबलावर टाकलं, आणि स्वतःच्या जुन्या सदऱ्याचं साधं बटण घेऊन टाके घालू लागले.

सवयीने ताई म्हणाली, "बाबा, आत हात घाला, नाहीतर खिसा शिवाल."

"तोच तर शिवायचाय," वडील म्हणाले.

आता रोज सकाळी ते मला घालतात आणि कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात. कागदावर सही केलेली नाही. मोठ्या साहेबांची गाडी आली की तिची काच वर जाते. कुणी विचारलं, "आजोबा, हा खिसा का शिवलाय?" की ते त्याला शेजारी बसवून घेतात आणि सगळं सांगतात.

डावऱ्या आज आहे की नाही, मला माहीत नाही. कुणी प्रामाणिकपणे शोधेल तर कळेल. तुम्हाला माझं मागणं साधं आहे. परत आलेला कपडा धुण्याची, नवा करण्याची घाई करू नका. त्याचं ठिगळ, त्याचा चुकलेला टाका नीट जपा. आणि चकचकीत बटण दिसलं की त्याखाली काय होतं, ते विचारा.

आणखी एक काम आहे. वडिलांना नि ताईला बटणापुरतंच कळलंय. तंबूत काय बोलणं झालं, ते त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. निरोप माझ्यापाशी दिला होता आणि मला वाचा नाही. तुम्हाला आहे. कधी त्या पायऱ्यांवरून गेलात, तर जरा थांबा आणि ताईला एवढं सांगा, की डावऱ्याने सांगितलंय, खिसा पुन्हा शिवलाय, तू येऊन उसव.