मधाचं पोळं कोरलेला चिरा

मित्रांनो, मी एक जुना चिरा आहे. आमच्या पेठकडच्या डोंगरात माणूस पुरला की त्याच्या डोक्याशी एक कोरीव दगड उभा करतात. त्यालाच चिरा म्हणतात. माझ्यावर नाव नाही, तारीख नाही. वर सूर्य-चंद्र आहेत आणि खाली एक माणूस.

त्याआधी मी ओढ्यात पडून होतो. पाठीवरून इतकी वर्षं पाणी गेलं की आपणही पाणीच आहोत, असं मला वाटायचं. १९७० साली पुंजा नावाच्या कारागिरानं मला बाहेर काढलं. रावजी नावाचा माणूस मध काढताना कड्यावरून पडून गेला होता. त्याची बायको फुलाबाई पुंजासमोर येऊन बसली.

"घोड्यावर बसवतो रावजीला. समद्यांच्या चिऱ्यावर घोडाच असतो," पुंजा म्हणाला.

"ते कधी घोड्यावर बसले नाय. हातात मधाचं पोळं दे," फुलाबाई म्हणाली.

पुंजानं पोळं कधी कोरलं नव्हतं. ते भोपळ्यासारखं झालं. फुलाबाईनं त्यावर बोट फिरवलं आणि किती तरी दिवसांनी ती हसली.

दोन वर्षं ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येत राहिली. नागलीची भाकर ठेवायची, शेंदूर लावायची आणि घरातलं सगळं रावजीला सांगायची. मी ऐकत असे. मग बहात्तरचा दुष्काळ आला. फुलाबाई लेकीला घेऊन सायखेड्याकडे मजुरीला गेली ती परतली नाही.

दर पावसाळ्यात डोंगरावरची माती वाहून यायची. आधी माझ्यावरच्या माणसाचे पाय बुडाले, मग पोळं, मग डोकं. शेवाळ चढलं. धुक्यात आम्ही सगळे चिरे सारखेच दिसायचो. मला कधी कधी पुन्हा ओढ्याच्या तळाशी असल्यासारखं वाटे.

एका आखाजीला कुसाबाई आली. ती लग्न होऊन गावात आली, त्याआधीच तिचा सासरा मंगळू वारला होता. नवराही चिऱ्याची खूण न सांगताच वारला. तिनं अंदाजानं मलाच मंगळूचा चिरा मानलं. दहा वर्षं तिनं मला भाकर ठेवली. "मंगळूबाबा, नातू शाळेत जातोय," असं सांगायची. मला तिला खरं सांगता येत नव्हतं. खरं सांगू का मित्रांनो, सांगता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो.

१९९० साली ओढ्यावर बांध झाला. पावसाळ्यात आमची जागा बुडणार होती. ज्यानं त्यानं आपला चिरा ओळखून टेकडीवर न्यावा, असं ठरलं. निरोप सायखेड्यापर्यंत गेला. फुलाबाई लेकीचा हात धरून आली. तिला आता नीट दिसत नव्हतं.

ती पोहोचली तेव्हा कुसाबाईची माणसं मलाच खणत होती. माती सरली, माणूस दिसला. कुसाबाई थबकली. "आमच्या बाबाच्या चिऱ्यावर घोडा होता म्हणतात. हा भोपळा कुणाचा?"

फुलाबाई खाली बसली आणि तिनं शेवाळातून बोटं फिरवली. "भोपळा नाय बाई. पोळं हाय. हे आमचे."

कुसाबाईचा चेहरा उतरला. "मग मी दहा वरसं कुणाला जेवू घातलं? माझा बाबा कुठं?"

फुलाबाईनं तिचा हात धरला. "मी उपाशी ठेवलं त्यांना, तू जेवू घातलं. चल, तुझा बाबा शोधू."

दोघींनी तीन दिवस शोधलं. मातीखाली घोडा कोरलेले चार चिरे सापडले, पण त्या चौघांना ओळखणारी माणसं होती. पाचवा मिळाला नाही. आभाळ भरून आलं तेव्हा त्या थांबल्या.

मला टेकडीवर उभं केलं. फुलाबाईनं एक भाकर माझ्यासमोर ठेवली आणि दुसरी कुसाबाईच्या हाती दिली. "तुझ्या बाबाचीबी इथंच ठेव. आमचे मालक नाय म्हणणार नाय."

मित्रांनो, दगड सगळं ऐकतो, पण सांगू शकत नाही. म्हणून घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, कोण कुठे निजलंय ते. आणि कधी बांधामुळे झालेल्या आमच्या तळ्याकाठी आलात, तर पाण्याकडे तोंड करून एकदा मंगळूचं नाव घ्या. तो तिथेच आहे.