बर्फवाल्याची पिकअप

बर्फवाल्याची पिकअप चौथ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा गॅरेजवाल्या भावांतल्या धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला. सपाट रस्त्यावर तिची काहीच तक्रार नव्हती. पण मासळी बाजार वरच्या अंगाला, मध्ये चांगला उभा चढ, आणि तो चढ आला की ही बया दम टाकायची. दुसऱ्या गिअरवर रांगत रांगत, मागे काळ्या धुराचा लोट सोडत वर जायची. सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जायचे म्हणे.

बर्फवाला भांडखोर नव्हता, हीच खरी पंचाईत होती. शिव्या देऊन गेला असता तर परवडलं असतं. त्याने मागचा फाळका खाली सोडला, ओली पोती बाजूला सारली आणि झिजून झिजून अर्ध्या झालेल्या लाद्या दाखवल्या. मी बर्फ विकतो की पाणी, हे आता तुम्हीच सांगा, एवढंच म्हणाला आणि बाकावर बसून राहिला.

गॅरेज दोघा भावांचं. थोरला साठीच्या उंबरठ्यावर, धाकटा शेहेचाळीसचा. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, लेक कॉलेजात गेली तरी थोरल्याच्या तोंडी तो ‘बारक्या’च. धाकट्यालाही त्याचं काही वाटत नसे. पाना धरायला शिकला तो थोरल्याकडून, गाडी चालवायला शिकला थोरल्याकडून, चारचौघांत मान वर करून उभा राहिला तोही थोरल्याच्याच जिवावर. थोरला लांब पेचकस इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरला डिझेल कमी पडतंय. उघडून बघावं तर तसंच असायचं. गावातले बाकीचे मिस्त्री अडले की मुकाट्याने त्याच्याकडेच यायचे.

तर अशा माणसाला एका म्हाताऱ्या पिकअपने तीन आठवडे घाम फोडला होता.

झालं होतं ते इतकंच. टर्बो, म्हणजे इंजिनाच्या घशात जोराने हवा कोंबणारा पंखा, तेल गाळत होता. थोरल्याने तो उतरवला, सील बदललं, परत बसवला. धाकटा त्या दिवशी लेकीला होस्टेलवर सोडायला परगावी गेला होता. तेल गळायचं थांबलं आणि गाडीची ताकद गेली. मग सुरू झाली शोधाशोध. हवेचा फिल्टर बदलला, डिझेलचा बदलला. टाकी उतरवून धुतली. इंजेक्टर काढून पंपवाल्याकडे तपासायला पाठवले, तर त्याने चांगले आहेत म्हणून परत पाठवले. सायलेन्सर काढून गाडी तशीच बोंबलत चढावर नेली, सगळी आळी खिडकीत आली, पण गाडी काही चढेना.

एका जागी मात्र कुणी हात लावला नव्हता. धाकट्याने दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा थोरल्याने त्याला झटकून टाकलं. “टर्बो मी माझ्या हाताने बसवलाय, तिकडे बघायचं काम नाही.” आणि तीस वर्षं हे वाक्य ऐकून धाकट्यालाही ती सवयच झाली होती. दादाने हात लावला म्हणजे ते झालं, तिथे पुन्हा बघायचं नसतं.

आता खरं सांगायचं तर धाकट्याला गाडीची काळजी नव्हतीच. त्याचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीने. पावसाळा सरल्यापासून थोरला काहीतरी हरवल्यासारखा वागत होता. हातात तेराचा पाना धरून तेराचा पाना मागायचा. ऑइल काढलेल्या गाडीत नवं ऑइल न ओतताच किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत होता, धाकट्याने ऐन वेळी धावत जाऊन थांबवलं. वहिनी परवा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली होती की हे स्कूटर घेऊन गेले आणि चालत परत आले, स्कूटर कुठे विचारलं तर माझ्यावरच खेकसले. धाकट्याने हसण्यावारी नेलं. कामाचा ताण आहे, ती पिकअप डोकं खातेय, असं काहीबाही सांगितलं. गेले तीन आठवडे तो मनातल्या मनात एकच धोशा लावून होता, की दोष यंत्रात निघू दे, माणसात नको. पंप बाद होऊ दे, इंजिन उतरवायला लागू दे, काय वाटेल ते होऊ दे.

दुपारी थोरला जेवायला घरी गेला. तेवढी संधी साधून धाकट्याने कपाटामागे पडलेलं प्रेशरचं, म्हणजे हवेचा दाब दाखवणारं घड्याळ काढलं. थोरल्याला त्या घड्याळाचा राग, कान असलेल्याला घड्याळ कशाला लागतं म्हणायचा. धाकट्याने त्याची नळी टर्बोच्या तोंडाशी जोडली, खिडकीतून आत घेतली, बर्फवाल्याला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः घड्याळ मांडीवर धरून शेजारी बसला. चढावर काटा झटकन वर गेला. टर्बो तब्येतीत हवा फेकत होता. मग खाली येऊन नळी दुसऱ्या टोकाला, इंजिनाच्या तोंडाशी जोडली आणि पुन्हा तोच चढ. काटा निम्म्यावर अडखळला आणि तिथेच राहिला.

म्हणजे हवा निघत होती पण पोचत नव्हती. मध्ये होता फक्त एक रबरी पाईप आणि इंटरकूलर, तापलेली हवा गार करणारी जाळी. धाकट्याचा जीव जरा भांड्यात पडला. जुन्या गाड्यांत रबर आतून सुटतं, पापुद्रा लोंबतो आणि हवेची वाट अडवतो. तसंच असणार. त्यात थोरल्याचा काय दोष?

त्याने क्लिप सोडवल्या, पाईप ओढून काढला. आतून बोट फिरवलं. रबर गुळगुळीत, धडधाकट. मग त्याने बॅटरीचा झोत इंटरकूलरच्या तोंडात मारला.

आत फडकं होतं. हिरवं, फुलाफुलांचं, तेलाने काळं पडलेलं, हवेच्या जोराने जाळीवर घट्ट थापलं गेलेलं. वहिनीच्या जुन्या पडद्याचं. थोरला घरून असल्या चिंध्या पिशवीभर आणायचा. टर्बो उतरवला की उघड्या पाईपात धूळ जाऊ नये म्हणून फडकं कोंबायचं असतं आणि बसवताना आठवणीने काढायचं असतं. मिस्त्री विसरतात, नाही असं नाही. म्हणून तर थोरल्याचा नियम होता की पाईपात जाणाऱ्या प्रत्येक फडक्याला हातभर लाल दोरी बांधायची आणि तिचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं. हा नियम त्यानेच काढलेला. धाकट्याने एकदा, विशीत असताना, दोरी न बांधता फडकं कोंबलं होतं, तर थोरल्याने गिऱ्हाइकासमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला होता.

या फडक्याला दोरी नव्हती.

धाकट्याने पक्कडीने ते ओढून काढलं, घडी करून पँटच्या खिशात कोंबलं. बर्फवाला बघत होता. धाकट्याने नुसते त्याच्या डोळ्यांत पाहून हात जोडले. बर्फवाल्याने मान फिरवली आणि पोती नीट करायला लागला. भला माणूस.

थोरला जेवून आला तोवर गाडी चढ चढून, वळून, उतरून परत आलेली होती. तिसऱ्या गिअरवर, धुराचा मागमूस नाही. थोरल्याच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांनी उजेड पडला. काय निघालं रे, त्याने विचारलं. पाईप आतून सुटला होता, दुसरा घातला, धाकट्याने ठोकून दिलं. बघ, टर्बोचं नव्हतं ना, म्हणून थोरल्याने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की धाकट्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं. किती दिवसांनी दादा हसला होता. कसला दोष आणि कसलं काय, एक फडकं तर होतं, कुणाचाही विसर पडतो, आपण यापुढे डोळ्यांत तेल घालून राहू, वहिनीला कशाला सांगायचं, असं धाकटा स्वतःला समजावत राहिला. बर्फवाला निघून गेला.

हुरूप आलेला थोरला बाह्या सरसावून पुढच्या कामाला लागला. पुढचं काम म्हणजे शाळेची व्हॅन. सोळा पोरांची. ब्रेकचे लायनर बदलायचे होते. थोरल्याने जॅक लावला, चाक काढलं, ड्रम उतरवला, आणि ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणत स्प्रिंगा सोडवू लागला.

धाकटा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. ब्रेकमध्ये काही विसरलं तर गाडीची ताकद जात नाही, गाडी थांबतच नाही. त्याने बराच वेळ स्वतःला आवरलं. मग खिशातून फडकं काढून थोरल्यासमोर धरलं.

“दादा, पाईप नव्हता. हे होतं.”

थोरल्याने फडकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मग त्याचा पारा चढला. दोरी कुठे आहे, कुणी कोंबलं हे, डोकं गहाण टाकलं होतं का, तीन आठवडे त्या गरिबाचा बर्फ पाणी झाला, शिकवून शिकवून माझी हाडं झिजली, असा तोंडाचा पट्टा सुरू झाला. धाकटा खाली मान घालून उभा राहिला. त्याला दिसत होतं की दादाला यातलं काहीही आठवत नाही. तो खरोखरच चोर शोधत होता.

“मीच,” धाकटा म्हणाला. “चुकलं माझं.”

थोरला आणखी काही बोलणार होता, पण थांबला. फडक्यावरची हिरवी फुलं बघत राहिला. मग म्हणाला, “तू नव्हतास त्या दिवशी. पोरीला सोडायला गेला होतास. जाताना तिने माझ्या पाया पडून माझा कंपासपेटीतला पेन मागून नेला.”

पेन आठवत होता, तिचं पाया पडणं आठवत होतं. थोरला सावकाश उठला, हात पुसले, आणि सुटलेल्या ब्रेककडे असा बघायला लागला की जणू तो दुसऱ्याच कुणीतरी उघडून ठेवला आहे.

“बारक्या,” तो म्हणाला, “या दोन महिन्यांत मी ब्रेक कुणाकुणाचे केले?”

गॅरेजात वही कधी ठेवलीच नव्हती. कुठल्या गाडीला कधी काय केलं ते थोरल्याच्या डोक्यात असायचं, आणि बाकी लोक त्याचं कौतुक करायचे. धाकटा बहुतेक इंजिनाखाली पडलेला असायचा, ब्रेकचं काम थोरल्याचं. धाकट्याने लेकीच्या जुन्या वहीतलं कोरं पान फाडलं, पेन्सिल घेतली. थोरला बाकावर बसला. हात गुडघ्यांत दाबून धरले होते. एकेक गाडी उघडून बघू, आजपासूनच लागू, धाकटा म्हणाला. थोरल्याने मान हलवली.

“डॉक्टरीणबाईंची पांढरी,” तो म्हणाला. धाकट्याने लिहिलं. “भाजीवाल्याचा टेम्पो. मग ती दवाखान्याची गाडी, पुढची दोन्ही चाकं.”

मग यादी तिथेच अडली. किमान दहा गाड्या झाल्या असणार, हे धाकट्याला ठाऊक होतं. बाहेरच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीकडे तो आता निराळ्याच नजरेने बघत होता. थोरल्याने कपाळ चोळलं, डोळे मिटले, पेचकस कानाला लावताना मिटायचा तसेच. मग एकदम त्याचा चेहरा खुलला.

“हां, आणि अण्णांचा ट्रक. मागचे ब्रेक. संध्याकाळी ते घेऊन जाणारेत, तो आधी बघ.”

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि ट्रक त्याच्याही आधी भंगारात गेला होता.

धाकट्याने चौथ्या ओळीवर लिहिलं, अण्णांचा ट्रक, आणि पुढची गाडी कुठली म्हणून विचारलं.