दर वेळी सतरा

ये, बस. तो स्टूल नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. इकडं पलंगावर टेक. आमच्या सूनबाईला नोकरी लागली हे तुझ्या कानावर आलंच असेल. पण लागली कशी, ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. ते मी सांगतो. फक्त मध्ये बोलू नको, माझा धागा तुटतो.

मी चौतीस वर्षं लोखंड कातायच्या लेथवर काढली. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर दयाळू होते म्हणून. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी त्या दिवशीचा घोळ माझ्यामुळं झाला, हे आधीच कबूल करून टाकतो.

पोरगी झाली आणि सूनबाईनं कॉम्प्युटरचं काम सोडलं, त्याला चार वर्षं झाली. नंतर जिथं अर्ज करावा तिथून एकच प्रश्न यायचा: मधली चार वर्षं काय केलं? आता पोरगी वाढवली हे काय काम नाही होय? शेवटी एका कंपनीनं बोलावलं. परीक्षा घरूनच, आपल्याच मशीनवर, सकाळी अकराला. पण त्याआधी साडेदहापर्यंत सरावाचा एक प्रोग्राम लिहून पाठवायचा. तो बरोबर चालला तर अकराची परीक्षा उघडणार, नाहीतर दार बंद. आणि सूनबाई म्हणाली होती की बाबा, ही गेली तर मी पुन्हा कुठं अर्ज करणार नाही. ती बोलते कमी, पण बोलली की मागं घेत नाही.

आता तुला नीट समजावून सांगतो. ती जिथं लिहिते त्याला एडिटर म्हणतात. लिहिलेलं पुढं कंपायलरकडं जातं, तो त्याचा चालणारा प्रोग्राम बनवतो. एडिटर म्हणजे ड्रॉइंगचा कागद आणि कंपायलर म्हणजे लेथवरचा माणूस, असं धर. दोघांची ओळख आपणच करून द्यायची असते, नाहीतर कागद टेबलावर पडून आणि माणूस चहाला. आदल्या दिवशी ती तेच करत होती. लॅपटॉप नवा. कंपायलर टाकला तर एडिटर म्हणे, मला दिसतच नाही. मग तो कुठं बसलाय त्याचा पत्ता एडिटरला लिहून दिला. तेवढं जमलं. राहिलं एक बटण, जे दाबलं की लिहिलेलं कंपाइल होऊन लगेच चालावं. त्याची सेटिंग लिहायला ती बसली आणि मी नाक खुपसलं.

म्हटलं, अगं, तुझ्या नवऱ्यानं हे सगळं करून ठेवलेलं आहे की. त्याचा पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडलाय. आमच्या वर्कशॉपचा कायदाच होता: जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, पकडायचा साचा एकदा बसला की त्याला कुणी हात लावायचा नाही, पुढचा माणूस त्याच साच्यावर काम करणार. तिनं ऐकलं. त्याचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं नव्या मशीनवर उतरवलं, त्याचीच सेटिंग लावली. बटण दाबलं, खाली अक्षरं धावली. मी खूश. कॉलर ताठ करून जेवायला बसलो.

सकाळी सातला ती कामाला बसली. सरावाचा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला: शाफ्टच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यांच्या, मापांची यादी, त्यातले किती मापात बसतात ते मोजायचं. उत्तर कंपनीनं खाली छापलेलंच होतं, नऊ. हिनं प्रोग्राम लिहिला, बटण दाबलं. आलं सतरा.

बरं, पहिल्यांदा चुकतं माणूस. तिनं एक ओळ बदलली. सतरा. अर्धा प्रोग्राम पुसून नव्यानं लिहिला. सतरा. आठ वाजले, नऊ वाजले. आमच्या पायाला भिंगरी. मी दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. शेजारी कुणीतरी फरशी कापत होतं, त्याचा आवाज दातात शिरायचा. आमची मंडळी नातीला घेऊन बाहेर जाते म्हणाली आणि तीनदा परत आली. एकदा चप्पल, एकदा पाण्याची बाटली, तिसऱ्यांदा उगाचच. मुलाला फोन लावला तर बंद. तुला माहीतच आहे, तो एकदा कामासाठी मोबाइलच्या टॉवरवर चढला की संध्याकाळशिवाय सापडत नाही.

साडेनऊला सूनबाईनं हात मांडीवर ठेवले. म्हणाली, "बाबा, माझं डोकंच गंजलंय. लोक खरं तेच म्हणत होते."

तुला सांगतो, तो आवाज मला सहन होईना. रडली असती तर परवडलं असतं. मी म्हटलं, तू काय काय बदललंस ते दाखव. तिनं दाखवलं. मला त्यातलं घंटा कळलं नाही, पण एक गोष्ट खटकली. इतकी उलथापालथ केली आणि आकडा जागचा हलत नाही? पंधरा नाही, अठरा नाही, काही नाही?

आमच्याकडं एकदा माप तपासायचा डायल असाच वागत होता. जो जॉब लावावा तो पास. साहेब खूश, आम्ही खूश. आमच्या म्हाताऱ्या फोरमननं काय केलं, भंगारातला एक जॉब उचलून त्याच्याखाली धरला. तोही पास. म्हणजे काटा अडकलेला, तो कुणाला मोजतच नव्हता.

म्हटलं, "सूनबाई, मुद्दाम काहीतरी घाण लिही."

"म्हणजे?"

"म्हणजे चालूच शकणार नाही असं. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की यांचंही डोकं फिरलं. पण लिहिलं, चांगल्या दोन ओळी भरून. बटण दाबलं.

सतरा.

ती जी ताडकन उठली, खुर्ची मागं पडली. म्हणाली, हा माझा प्रोग्राम बघतच नाहीये. लगेच सेटिंग उघडली. तिथं कंपायलरला काय सांगितलेलं होतं माहीत आहे? समोर उघडी असलेली फाइल घे, असं नव्हे. अमुक फोल्डरमधली अमुकच फाइल घे. नवऱ्याची फाइल. आदल्या दिवशी आम्ही फोल्डर उतरवलं त्यात तीही आली होती. ही तीन तास लिहीत होती आणि बटण दाबलं की नवऱ्याचा प्रोग्राम चालत होता.

मी हसायला लागलो. ती हसली नाही. तिनं ती फाइल उघडली होती.

ती होती त्या आतल्या फोल्डरला याच कंपनीचं नाव होतं. आत असलाच प्रश्न, शाफ्टचाच, फक्त यादी गेल्या वर्षीची. आणि सगळ्यात वर त्यानं स्वतःसाठी एक ओळ टाकून ठेवली होती: तिसरी वेळ, या वेळी घाई करायची नाही.

तीन वेळा बसला होता, गड्या. आम्हाला पत्ता नाही. हिनं अर्ज भरला तेव्हा एवढंच म्हणाला होता की त्या कंपनीत काही राम नाही, माणसं घेत नाहीत ते. मी तेव्हा त्याला झापलं होतं, बायकोचे पाय कशाला ओढतोस म्हणून.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, ही आता उठते का काय. तिनं खुर्ची सरळ केली, बसली. सेटिंगमधलं नाव काढून टाकलं आणि जी फाइल समोर उघडी असेल तीच घ्यायला सांगितलं. बटण दाबलं तर कंपायलरनं लालभडक शिव्या दिल्या, त्या मांजराच्या दोन ओळींसाठी. तेव्हा कुठं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. ओळी पुसल्या, पुन्हा दाबलं. नऊ. अरे, पहिल्याच झटक्यात लिहिलेलं बरोबर होतं तिचं. नंतर बदलून बदलूनही बरोबरच.

दहा वाजून चोवीस मिनिटांनी पाठवलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बाबा, आपण ती फाइल उघडली हे त्याला कळता कामा नये."

म्हटलं, कुठली फाइल?

परीक्षा झाली, चांगली झाली, बोलावणं आलं. येत्या आठवड्यात रुजू होईल. बोलावणं आलं त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा हिच्याकडं बघून पेढ्यासारखा गोड हसला, नातीला खांद्यावर घेऊन नाचला. माझी सेटिंग कामाला आली का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, फार. त्यानंतर तो गच्चीत गेला तो बराच वेळ आलाच नाही. ती आत कपड्यांच्या घड्या घालत बसली, घातलेल्याच पुन्हा. मी आपला मधल्या खोलीत, उठतोय, बसतोय. बापानं अशा वेळी काय बोलायचं असतं ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत.

आता तुझ्याशी काम आहे ते सांगतो. तू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. तो चौथ्यांदा बसणार, मी त्याला ओळखतो. पण आमच्या घरात तो अभ्यासाला उघड बसायचा नाही, आणि चोरून बसण्याइतक्या खोल्या आमच्याकडं नाहीत. तुझी ती वरची खोली रिकामी असते ना दिवसा? त्याला देशील का? मी सांगितलं म्हणून नको. तुलाच सुचलं म्हणून दे.