खेमराजचा उजवा गुडघा

भंडाऱ्याच्या विणकर मोहल्ल्यात खेमराजसारखं रेशीमकाठी धोतर विणणारा दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट कोणी सांगायच्या आधी तो स्वतःच सांगून टाकायचा. पण तीस वर्षं खड्ड्यातल्या मागावर बसून, पायाने पावड्या दाबून दाबून त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. हे मात्र तो कोणालाच सांगत नव्हता. थोरला भाऊ गोपाळराव गुडघ्यापायी माग सोडून बसला होता आणि दिवसभर ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले ते विचारायचा. आपलंही तसंच झालं तर? ही धास्ती खेमराजची पाठ सोडत नव्हती.

त्यातच शहाऐंशी साली नागपूरच्या डॉक्टर शोभाताई एक्स-रेची गाडी घेऊन मोहल्ल्यात आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गुडघा पार कामातून गेल्यावर दाखवायला येता, त्यापेक्षा दोन हाडांमधली कूर्चा झिजायला लागल्याबरोबर ओळखू. परदेशात म्हणे चुंबकाचं यंत्र निघालंय, ते कूर्चाच दाखवतं. एक्स-रेत ती दिसत नाही, पण हाडांमधली फट किती उरली ते मोजता येतं. सगळ्यांनी एकाच पद्धतीने उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा, दोन मिनिटांत काम खलास.

खेमराज उभा राहिला अन् गड्याने हळूच सगळा भार डाव्या पायावर घेतला. जन्मभर पाय आलटून पालटून दाबणाऱ्याला त्यात काय अवघड! भारच नाही तर फट दबणार कशी? उजव्या गुडघ्याची फट छान रुंद आली. मोहल्ल्यातला हा सगळ्यात तरणा गुडघा, असं शोभाताईंनी सांगितलं, तेव्हा खेमराज दोन दिवस छाती फुगवून फिरला.

तिसऱ्या दिवशी शोभाताईंनी खात्रीसाठी काहींचे एक्स-रे पुन्हा काढले, तर बहुतेकांचा आधीच्याशी मेळ बसेना. परवाची फट आज निम्मी. बाईंचा चेहरा उतरला. असलं माप कोणाच्याच कामाचं नाही, म्हणत त्या सामान आवरायला लागल्या.

तेव्हा खेमराजची बायको राधाबाई पुढे आली. "बाई, ह्यायले एकदा उजव्याच पायावर उभं करून पाहा," ती म्हणाली. "रोज खड्ड्यातून दोरी धरून निघतेत. ह्यायले वाटते, मले दिसत नाही."

झालं! आता लपवण्यात काय अर्थ होता? खेमराजने सगळं कबूल केलं, तशी मागची रांग आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे पाहायला लागली. निम्म्या मोहल्ल्याने हीच हुशारी केली होती, आणि तीही त्याच भीतीपायी. दर वेळी भार कमीजास्त चोरला जायचा, मग मापं जुळणार कशी?

शोभाताईंना राग यायच्या ऐवजी हसूच फुटलं. पण भार सारखा आहे हे कळायचं कसं? इथे खेमराजचं डोकं चाललं. कापड गुंडाळायचा लाकडी दांडा त्याने जमिनीवर विटांमध्ये घट्ट बसवला आणि वर आडवी फळी टाकली. एक पाय या टोकाला, एक त्या टोकाला. भार जरा इकडेतिकडे झाला की फळी कलंडलीच. आता करून दाखवा म्हणावं लबाडी!

पहिला तोच चढला. फळी स्थिर झाली, एक्स-रे निघाला. ओली फिल्म उजेडात धरून शोभाताई बराच वेळ पाहत राहिल्या. उजव्या गुडघ्याची आतली फट डाव्यापेक्षा थोडी कमी होती.

"मंग माग सुटला माहा?" खेमराजचा आवाज बारीक झाला.

"सुटू नये म्हणूनच तर आत्ता पाहिलं," शोभाताई म्हणाल्या. "झीज नुकती लागली आहे. बैठक वीतभर उंच करा, मांडीचा व्यायाम करा, आणि दर तासाला खड्ड्याबाहेर येऊन चाला. वर्षभराने पुन्हा असंच मोजू."

खेमराजने सगळ्यांदेखत, लाज सोडून, उपरण्याने डोळे पुसले. मग बायकोकडे वळून कुरकुरला, की दर तासाला उठायचं म्हणजे कामाचा खोळंबाच.

"या ना बाहेर," राधाबाई म्हणाली. "तीस वर्सं मी वरून तुमचं टक्कलच पाहून राहिली. आता तोंड तरी दिसन."