रेशमाच्या खणातली मलमाची डबी

मित्रांनो, माझे झाकण वाकडे बसते म्हणून हसू नका. मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढीच. पण सात वर्षे मी एका खणात शिक्षा भोगली आहे, आणि एका हिवाळ्यात चार दिवस एका घराचा जीव माझ्यामुळे टांगणीला लागला होता.

माझा जन्म कारखान्यातला. साच्याने एक ठोसा दिला आणि पत्र्याची सपाट चकती होती ती मी खोलगट डबी झाले. झाकणावर निळे फूल आले. त्याच्या दोन पाकळ्या अजून शाबूत आहेत. औषधाच्या दुकानात माझ्यात मेणाचे घट्ट मलम भरले गेले आणि एका रफूवालीने मला घरी आणले.

फाटलेल्या कापडात एकेक धागा विणून भोक असे बुजवायचे की ते कधी होते हे कळूच नये, हे तिचे काम. खिडकीपाशी टेबल, वर सुया आणि भिंग. उजव्या हातात सुई आणि डाव्या हाताची तर्जनी कापडाखाली. डोळ्यांना दिसत नाही ते त्या बोटाला कळायचे. थंडीत काम आवरले की ती मला उघडायची आणि शेजारणीला सांगायची, "ही डबी आहे म्हणून माझे हात आहेत." मी तेव्हा अगदी फुलून जायचे.

मग एका हिवाळ्यात घात झाला. संध्याकाळी तिने मलम लावले आणि हात न पुसताच टेबलावरची एक रेशमी ओढणी उचलून ठेवली. सकाळी पाहते तर बोटाएवढा तेलकट डाग. तिने शिंप्याचा खडू खरवडून त्याची पूड वर दाबली, कारण कापडावर सांडलेले ताजे तेल खडू पिऊन टाकतो. पण हे तेल रात्रभर मुरले होते. गिऱ्हाइकाने ओढणी तिथेच टाकली आणि नको ते बोलून गेले. ओढणी खालच्या खणात गेली, तिच्यावर मी. दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो; हिने तर ताकच सोडले. माझ्याऐवजी फळीवर एक पंपाची बाटली आली. आत गुलाबाच्या वासाचे पातळ क्रीम. तिचा मला राग होता, खोटे कशाला बोलू? पण उन्हाळ्यात तिचे बरे चालायचे, हेही खरे.

सातव्या वर्षीची थंडी मात्र हाडात शिरणारी होती. बाहेर कोरडा वारा, आत टेबलाखाली दिवसभर हीटर. रफूवालीचे हात उलले. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या. आणि तिने काय करावे? रेशमाला हात लावण्याआधी कढत पाणी, कपड्यांचा साबण आणि ब्रश, वर पुन्हा भेगा गुळगुळीत व्हाव्यात म्हणून टाचा घासायची वजरी! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी खणाच्या फटीतून सगळे बघत होते, पण डबीला वाचा कुठली?

अशात मंगळवारी, तिला रफूची कामे देणाऱ्या दुकानाचे मालक एक किरमिजी रेशमी शाल घेऊन आले. कसरीने तिला रुपयाएवढे भोक पाडले होते. एका बाईंच्या आईची ती शेवटची आठवण, आणि शनिवारी बाईंच्या मुलीचे लग्न.

"शनिवारी सकाळी दहाला न्यायला येतो," मालक म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या बोटांवर गेली. "ताई, खरं सांगू का, मागच्या दोन कामांत धागे ओढले गेलेत. हेही जमलं नाही तर यापुढं तुम्ही बटणं लावा. हातकाम मी दुसरीकडं देईन."

तीस वर्षे रफू करणाऱ्या बाईला बटणे लावायला सांगणे म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसले. ती "होईल" एवढेच म्हणाली. त्याच दुपारी तर्जनीची भेग शालीत अडकली आणि एक धागा वीतभर सरकला. तिने हात झटकन मागे घेतला. बोटातून रक्त आले होते. आणखी क्षणभर उशीर झाला असता तर ते शालीवरच पडले असते.

संध्याकाळी तिची सून कामावरून आली. ती दवाखान्यात नर्स.

"आई, हात दाखवा."

"काही नाही गं, थंडी आहे."

"थंडी दरवर्षी असते. हे वजरीनं घासलंत तुम्ही? अहो, भेग घासून कधी बुजते का? लोकांचं कापड सांधता आणि स्वतःची कातडी उसवता!"

"धागा अडकतो मग काय करू? तुला बोलायला काय जातंय? तुला रेशमाला हात लावावा लागत नाही."

"नुकत्या जन्मलेल्या बाळांना लावते मी. दिवसातून पन्नासदा हात धुते. बघा माझे." आणि तिने आपले मऊ हात सासूपुढे धरले.

सून मलमाची मोठी बरणी घेऊन आली होती. रोजचे थोडे काढून ठेवायला काही मिळते का म्हणून तिने खण ओढला, आणि सात वर्षांनी माझ्या अंगावर पुरता उजेड पडला.

"ती ठेव खाली," सासू ओरडली. "तिनंच घात केला होता माझा."

"डबीनं नाही, आई. न पुसलेल्या हातानं."

मित्रांनो, तेव्हा मला रडू फुटले असते, पण पत्र्याला गंज चढतो. मग सासूने नक्षी उतरवायचा पातळ कागद काढला. "रोज सकाळी दहा बोटं या कागदावर दाबीन. एकाचाही तेलकट डाग उमटला तर ही डबी कचऱ्यात."

आता शालीबरोबर माझाही जीव पणाला लागला.

सुनेने जुने मलम खरवडून मला घासले आणि ताजे भरले. घराची सगळी रीतच तिने बदलली. कढत पाणी बंद, कोमट पाणी. वजरी न्हाणीघराबाहेर. हीटर लांब सरकवला आणि खोलीत पाण्याचे पातेले ठेवले. धुतलेले हात खसाखसा पुसायचे नाहीत, नुसते टिपायचे, आणि ओल आहे तोवरच मलम लावायचे. वर सासऱ्यांच्या जुन्या बनियनचे शिवलेले सुती हातमोजे.

"हे घालून झोपायचं? चोर वाटेन मी," सासू म्हणाली.

"वाटू दे. चोराचे हात मऊच असतात."

बुधवारी सकाळी कागदावर अंगठा चमकला. पुन्हा कोमट पाण्याने धुतल्यावर दुसरा कागद कोरा राहिला, आणि मी वाचले. त्या दिवशी धागा दोनदा अडकला. गुरुवारी एकदाच. सरकलेला धागा तिने सुईच्या टोकाने तीळतीळ मागे नेला. शुक्रवारी एकदाही अडकला नाही, पण भेग जपत काम करायचे म्हणून हात धीमा चालला होता. अंधार पडला तेव्हा भोकाच्या चार ओळी बाकी होत्या.

शनिवार उजाडला. सून पहाटेच कामावर गेली होती. आठ वाजता रफूवालीने कागदावर बोटे दाबली. नऊ जागा कोऱ्या. दहावी, डावी तर्जनी, तेलकट. भेगेचे तोंड मिटले होते, पण तिच्या खाचेत मलम बसले होते. तिने पुन्हा हात धुतले, पुन्हा बोट दाबले. पुन्हा डाग. तिसऱ्यांदाही डाग. घड्याळात पावणेनऊ झाले.

तिने मला उचलले. एका बाजूला कचऱ्याचा डबा, दुसऱ्या बाजूला मोरीवरचा ब्रश आणि चुलीवर चहाचे उकळते पाणी. ब्रशने घासले तर तेल जाईल, पण भेग पुन्हा फुटेल आणि शालीवर रक्त पडेल. तिने ब्रश हातात घेतलाही. मी मनात म्हणत होते, नको, बाई, नको!

ती थांबली. तिची नजर टेबलावरच्या खडूवर गेली होती. रेशमावरचे ताजे तेल जो पितो, तो बोटावरचे नाही का पिणार? तिने खडू खरवडला, पूड बोटावर दाबली, थोडी थांबली आणि सुती फडक्याने हलकेच पुसली. मग कागद. तो कोरा होता.

चार ओळी विणायला तिला तास लागला. शेवटचा धागा कापला तेव्हाच दार वाजले.

मालकांबरोबर शालवाल्या बाईही आल्या होत्या. त्यांनी शाल खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट केली, बोट फिरवले. "कुठं होतं हो ते भोक?" एवढे विचारले आणि त्यांचे डोळे भरून आले. मालक खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात दोन शेले पाठवतो, ताई." बटणांचे नाव कुणी काढले नाही.

मित्रांनो, थंडी पडली की उन्हाळ्याची बाटली बाजूला ठेवा आणि आम्हा जुन्या डब्यांना शोधा. कढत पाण्याचा मोह टाळा, ओल्या हाताला मलम लावा आणि कामाआधी हात पुसा. आणि स्वतःच्या चुकीची शिक्षा मुक्या वस्तूला देऊ नका. आम्हाला आपली बाजू मांडता येत नाही.

त्या संध्याकाळी रफूवालीने खालच्या खणातली डागाळलेली ओढणी काढली आणि तिच्यातून एक छोटी पिशवी शिवली. सून म्हणाली, "डाग आतल्या बाजूला घ्या ना, आई." सासू म्हणाली, "असू दे वरच. तो माझ्या हाताचा आहे." मग तिने झाकण नीट दाबून मला त्या पिशवीत ठेवले आणि पिशवी वरच्या खणात, रेशमाच्या लडींशेजारी ठेवली.