हो म्हणायला एक उतार

आता मला सांगा, 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तोंड उघडलं की झालं. पण आमच्या मीराला दिवाळीपासून ते जमत नव्हतं, आणि जानेवारी अर्धा सरत आला होता.

त्याचं झालं असं. पाडव्याच्या दिवशी गुणवंत तिच्या सायकलची चेन बसवायला आला होता. शहराच्या रिछाई भागात त्याचं लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं वर्कशॉप. जबलपुरातल्या त्यांच्या चौघांच्या सायकलटोळीत कुणाचंही काही बिघडलं की ते गुणवंतच्याच गळ्यात पडायचं. चेन बसली, त्याने हात चिंधीला पुसले, आणि मान वर न करता म्हणाला, "मीराजी, आपण दोघं एकाच घरी राहिलो तर कसं राहील?"

मीरा शेहेचाळीसची. जबलपूरच्याच गढा भागातल्या एका शाळेत गणित शिकवायची, एकटीच्या घरात एकटीपुरता चहा टाकायची. तिच्या मनात फुलबाज्या उडाल्या, पण तोंडातून निघालं ते वर्गात अवघड गणित आलं की निघायचं तेच. "सांगते. पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी म्हणजे?"

"जानेवारीच्या सहलीत."

"ठीक आहे," गुणवंत म्हणाला. "तिथंही नाही बोलल्या, तर मी समजून जाईन. परत विचारून तुम्हाला त्रास नाही देणार." आणि चहा न घेताच गेला भला माणूस.

मीराने मग सगळ्या बाजूंनी विचार केला. भाऊ तोंड फुगवील. फुगवू दे, त्याचं तोंड तसंही फुगलेलंच असतं. गुणवंतच्या घरी बुद्धवंदना, हिच्या घरी गणपती. पण गुणवंत दरवर्षी येऊन मोदक हाणायचा, त्यामुळे तोही प्रश्न मिटल्यातच जमा होता. गणित कुठूनही सोडवलं तरी उत्तर 'हो'च येत होतं. आता ते फक्त सांगायचं होतं.

सहल म्हणजे दर हिवाळ्यातली ठरलेली. गुणवंतच्या टेम्पोत चौघांच्या गिअरच्या सायकली घालायच्या, मझौली गावाच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतावर दोन खोल्यांत मुक्काम ठोकायचा, आणि मागच्या टेकडीवर शनिवार-रविवार धिंगाणा घालायचा. उरलेले दोघं म्हणजे नर्मदा आणि अच्युत, नवराबायको. नर्मदा मीराच्याच शाळेत. अच्युत बँकेत, आणि त्याचं तोंड म्हणजे सुट्टी नसलेलं ऑफिस.

शनिवारी सकाळी धुकं असं दाट की पुढच्याचं हेल्मेटसुद्धा दिसेना. बोटं गारठून हँडलला चिकटली होती. नर्मदाने पाठीवरच्या पिशवीत भाकरी, ठेचा, तिळाच्या वड्या आणि वरून दह्याचा डबा घेतला होता; चढावर तिच्या सायकलचं पुढचं चाक चक्क उचललं गेलं आणि बाई डब्यासकट मागच्या झुडपात बसल्या. "दही सांभाळा, दही!" खालून अच्युत ओरडला. बायकोचं नाव नाही! नर्मदाने वाटीभर दही त्याच्या हेल्मेटवर ओतलं. हसून हसून चौघांनाही सायकलवर बसवेना, म्हणून मग सगळे ढकलत निघाले.

त्या गडबडीत गुणवंत मुद्दाम मीराच्या बाजूने चालू लागला. हीच वेळ, मीराने मनाशी म्हटलं. तिने तोंड उघडलं. पण चढ छातीवरचा, फुप्फुसांचा नुसता भाता झालेला. आवाज म्हणून काही निघेचना.

"बोलू नका," गुणवंत मायेने म्हणाला. "दम जाईल." आणि तिला मोकळं चालता यावं म्हणून पुढे निघून गेला. मीराला स्वतःचाच असा राग आला म्हणता!

माथ्यावर पोचल्यावर अच्युतने बँकेतल्या एका खातेदाराची गोष्ट काढली, ती ठेचा संपेपर्यंत संपली नाही. मग उतार. गुणवंत, अच्युत, नर्मदा आरोळ्या ठोकत सुसाट गेले. मीरा मात्र दोन्ही ब्रेक आवळून, सायकल हाताशी धरून, पायीच उतरली. उताराची तिला पहिल्यापासून धडकी. खाली शेतावर पोचली तेव्हा तिघांचा चहा पिऊन झाला होता आणि गुणवंत अच्युतची उतारावर फाटलेली पँट शिवत होता. अच्युत आत पंचा गुंडाळून, आतूनच बोलत होता.

संध्याकाळी शेकोटीपाशीही तेच. गुणवंतने दोनदा मीराकडे पाहिलं. दोनदा नर्मदाने मध्येच हरभऱ्याचे भाजलेले घाटे पुढे केले. उद्या सकाळी चहाच्या आधी, पहिलं काम हेच, असं मीराने ठरवून टाकलं. तिला काय माहीत, गुणवंतनेही काही ठरवून टाकलं होतं.

सकाळी ती उठून बाहेर आली, तर गुणवंत हेल्मेट घालून धुक्यात फाटकाशी उभा. नर्मदा चुलीपाशी, अच्युत तोंडात ब्रश घेऊन.

"बरं, येतो मी," गुणवंत म्हणाला.

'कुठे?' हा शब्द मीराच्या अगदी ओठांवर आला होता. पण तिला लहानपणी आत्याने बजावून ठेवलेलं: निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही, अपशकुन होतो, त्याचं काम फिसकटतं. ज्याचं भलं व्हावं असं वाटतं, त्याला तर मुळीच नाही. आणि या माणसाचं भलं व्हावं असं तिला फार फार वाटत होतं. तिने शब्द गिळला.

"सावकाश या," ती म्हणाली. बाकीचं तो परत आल्यावर, एकटा असताना.

गुणवंतने हेल्मेटचा पट्टा सोडला, परत बांधला. मग मान हलवून गेला.

चहा उकळून चुलीवरून उतरला. नर्मदाने साखरेचा डबा उचलला, तर त्याच्यावर टेम्पोची किल्ली. तिने आत डोकावलं. गुणवंतची बॅगही नव्हती.

"अगं बाई! हा घरी चालला गेला काय?" नर्मदा ओरडली. "अन् टेम्पो आपल्याला ठेवून गेला!"

"काहून पण?" अच्युतच्या तोंडातून पेस्टचा फेस उडाला. "कुठे चालला म्हणून कुणी विचारलं का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघंही वळण लागलेल्या घरातले. कुणीच विचारलं नव्हतं.

मीरा मटकन ओट्यावर बसली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं: पाडवा, चेन, 'समजून जाईन', सगळं. नर्मदाने कपाळावर हात मारला. "अन् तू काल दिवसभर काय करून राहिली होती?"

"तुझे घाटे खाऊन राहिली होती!"

फोन लावला, तर रेंज नाही. अच्युत पंच्यावरच टेम्पोत जाऊन बसला, किल्ली फिरवली. थंडीत टेम्पो नुसता खोकला. गुणवंत डांबरी रस्त्याने टेकडीला वळसा घालून बसथांब्याला जाणार, सायकल टपावर टाकून जबलपूर गाठणार, आणि मग जन्मात परत विचारणार नाही. तो शब्दाचा पक्का होता, हीच तर पंचाईत होती.

टेकडीवरून मात्र वाट सरळ होती. मीराने सायकल उचलली.

"अगं, पलीकडे सगळा उतारच आहे!" नर्मदा मागून ओरडली.

"माहीत आहे!"

चढ ती कशी चढली ते तिलाच ठाऊक नाही. माथ्यावर आली, खाली पाहिलं. धुकं विरलं होतं. दूर खाली रस्ता, आणि रस्त्यावर पाठीला बॅग लावलेला एक माणूस अगदी रेंगाळत पॅडल मारत चाललेला. बसथांबा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. मीराने आत्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि ब्रेकवरची बोटं सोडली.

अरे देवा! दगड खडखडले, दात खडखडले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पहिल्या वळणावर ती किंचाळली. दुसऱ्या वळणावर किंचाळताना तिला हसू फुटलं, आणि मग ते आवरेचना. इतकी वर्षं ही मजा आपण पायी चालत घालवली! शाळेतल्या पोरांनी आपल्या गणिताच्या मॅडमला या वेळी पाहिलं असतं तर पोरं तिला पुन्हा कधी घाबरली नसती. रस्ता जवळ आला. गुणवंत जवळ आला. आता ब्रेक लावायला हवा, हे कळत होतं. पण आता लावला तर आपण हँडलवरून उडू, हेही कळत होतं.

"गुणवंत!" तिने बोंब ठोकली. "हो! हो! हो!"

गुणवंतने करकचून ब्रेक मारला. त्याच्या पुढच्या चाकासमोरून मीरा सणसणत रस्ता ओलांडून गेली, बांधावरून उडाली आणि पलीकडच्या मटाराच्या शेतात सायकलसकट दिसेनाशी झाली.

तो सायकल टाकून धावला. मीरा वेलींत उताणी पडली होती, केसांत मटाराच्या शेंगा, आणि खिदळत होती.

"लागलं का? हात हलवा. पाय हलवा."

"ते राहू द्या! तुम्ही कुठे चालले होते?"

"आता विचारून राहिल्या?" गुणवंतचा आवाजच फाटला. "सकाळी फाटकात उभा होतो तेव्हा एक शब्द नाही! मी वाट पाहून राहिलो, ही विचारेल, आता विचारेल. तर म्हणे सावकाश या!"

"निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत!"

"कुणाकडे नाही विचारत? माझी माय तर गल्लीच्या टोकापर्यंत विचारत येते. कुठं चालला, कधी येशील, जेवला का. ज्याची काळजी असते त्यालाच विचारतात, मीराजी."

मीरा उठून बसली. तिचं हसू एकदम थांबलं. "आमच्याकडे ज्याची काळजी असते त्याला विचारत नाहीत," ती म्हणाली. "मी शब्द गिळला हो. तुमचं काम फिसकटू नये म्हणून."

"माझं काम तर तुमच्यापाशीच होतं."

गुणवंतलाच आधी हसू फुटलं. तो त्या ओल्या वेलींत बसकण मारून पोट धरून हसायला लागला, तशी मीराही पुन्हा सुरू झाली. शेताची मालकीण डोक्यावर टोपली घेऊन येऊन उभी राहिली, तरी यांचं चालूच. तिने मोडलेल्या वेलींकडे पाहिलं, मीराच्या केसांकडे पाहिलं. "मटर ही तोड़ने थे तो बोल देतीं," ती म्हणाली, "टोकरी दे देती." आणि खरंच टोपली पुढे ठेवून गेली.

दोघं निमूट मटार तोडायला बसले. नुकसान केलं होतं, हातभार लावणं भागच होतं. रस्त्यावरून बस आली, थांबली, गेली. गुणवंतने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"मघाशी रस्ता ओलांडताना काय म्हणाल्या तुम्ही?" तो शेंगांकडे बघत म्हणाला. "वारा होता."

"हो म्हटलं."

"कशाला?"

"पाडव्याच्या प्रश्नाला. हो. आपण दोघं एकाच घरी राहू. मला आवडेल. फार आवडेल."

"जरा मोठ्याने. टेम्पोचा आवाज होऊन राहिला."

खरोखरच वळणावरून टेम्पो येत होता, पंच्यातला अच्युत हॉर्न वाजवत, नर्मदा अर्धी खिडकीबाहेर. पण तो अजून बराच लांब होता, आणि मीरा काही बहिरी नव्हती.

"खोटं. ऐकलं तुम्ही."

"पहिल्याच वेळी ऐकलं," गुणवंत म्हणाला.

"मग परत परत काहून म्हणायला लावून राहिले?"

त्याने हातातली शेंग टोपलीत टाकली. डोळे पुसायला हात वर नेला, तो मातीचा होता, म्हणून तसेच राहू दिले. "पाडव्यापासून वाट पाहिली, मीरा," तो म्हणाला. "एकदा ऐकून कसं भागेल?"

मग मीराने परत म्हटलं.